मोठे शब्द त्याला फुकटात मिळालेत, आता बारके शिकू दे

पत्र : नमस्कार मॅडम, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असते, नवरा फ्रेंच आहे. मुलगा वीस वर्षांचा, फिजिक्सच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला. शाळा-कॉलेज सगळं फ्रेंचमधून झालं. मराठी त्याला नीट समजते, आजीशी फोनवर बोलतो. आता त्याला डब्लिनला मास्टर्सला जायचंय. टोइक या इंग्लिशच्या परीक्षेत 990 पैकी 870 आले म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण उन्हाळ्यात तिकडे राहून आला तर म्हणतो लेक्चर कळतं, घरमालकीण काय बोलते ते कळत नाही. टॉवेल कुठे आहे विचारलं तर ती म्हणाली हॉट प्रेसमध्ये, आणि हा इस्त्री शोधत बसला. त्याचं ॲप्लिकेशनचं पत्र एका ओळखीच्या आयरिश बाईंनी वाचलं, त्या म्हणाल्या जुन्या काळच्या वकिलाने लिहिल्यासारखं वाटतंय. एक परिच्छेद सोबत पाठवते. आता त्याने हजार ॲडव्हान्स्ड शब्दांचं पुस्तक आणलंय आणि रोज वीस शब्द पाठ करतो. हे बरोबर चाललंय का? कुठली परीक्षा द्यावी? आणि मी घरात मराठी बंद करून त्याच्याशी इंग्लिशच बोलायला लागू का?
साताऱ्याची आई, ग्रेनोबल

उत्तर :

ताई, आधी ते हजार शब्दांचं पुस्तक बाजूला ठेवायला सांगा. पुस्तक वाईट असेल असं नाही, पण ते त्याच्यासाठी लिहिलेलंच नाहीये. असली पुस्तकं बहुतेक अमेरिकन प्रवेश परीक्षांच्या तयारीतून आलेली असतात, आणि आपल्या इकडच्या नाहीतर खुद्द अमेरिकेतल्या पोरांना समोर धरून केलेली असतात, ज्यांना 'लुसिड', 'टॅसिटर्न', 'ॲमेलिओरेट', 'पुसिलॅनिमस' असले शब्द बघितले की घाम फुटतो. तुमच्या पोराला कशाला फुटेल? 'आमेलियोरे', म्हणजे सुधारणे, हा त्याचा रोजचा शब्द आहे, शाळेतल्या मास्तरांनी त्याच्या रिपोर्टवर दहा वेळा लिहिला असेल. रोजच्या वीस शब्दांतले बहुतेक त्याला आधीच येतायत, फक्त स्पेलिंग आणि उच्चार थोडा इकडेतिकडे, त्यामुळे त्याला वाटतंय की आपण फार भराभर पुढे चाललोय, आणि खरं म्हणजे तो जागेवरच पळतोय.

हे असं का ते थोडक्यात सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्याचं त्यालाच कळत जाईल. 1066 साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम, म्हणजे फ्रेंचांचा गियोम, हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढे कितीतरी पिढ्या तिथला दरबार, जमीनदारी, कोर्टकचेरी सगळं फ्रेंचमध्ये चाललं, इतकं की 1362 मध्ये कोर्टात इंग्लिश बोलायला लागा असा कायदा करावा लागला आणि तो कायदासुद्धा लिहिला फ्रेंचमध्येच. पार्लमेंटच्या बिलाला राजाची मंजुरी आजही नॉर्मन फ्रेंच वाक्यानेच जाहीर करतात. तर झालं काय, इंग्लिशमध्ये कायदा, राज्यकारभार, विद्या, शिष्टाचार यांचे शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून आले, आणि उठणं-बसणं, ओढणं-ढकलणं, घरदार, भांडणतंटा, वैताग हे बरंचसं जुन्या इंग्लिशचं ते तसंच राहिलं. म्हणून इंग्लिशमधलं जे 'ॲडव्हान्स्ड' ते तुमच्या मुलाच्या घरचं, आणि जे 'सोपं' ते त्याला परकं.

आपल्याकडे एखाद्या बंगाली माणसाला मराठी अग्रलेख वाचायला द्या, 'संस्कृती', 'आंदोलन', 'परिस्थिती' करत करत त्याला निम्माअर्धा तरी कळेल, पण मंडईत मावशी 'घ्या की ओ, निवडून घ्या, सकाळचीच हाये, शिळीपाकी नाय' म्हणाली की तो बघत राहील. तुमच्या मुलाचं डब्लिनमध्ये नेमकं हेच झालंय, त्यात त्याच्या हुशारीचा काही दोष नाही.

थोडी आकडेवारी पण देते कारण फिजिक्सवाला आहे, त्याला बरं वाटेल. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला की कादंबरी किंवा पेपर वाचताना 98 टक्के शब्द ओळखीचे असायला हवेत तर साधारण 8 ते 9 हजार शब्दकुटुंबं यायला लागतात. कुटुंब म्हणजे 'डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसिजन' हे सगळं मिळून एक. आणि कॉलेजच्या पुस्तकांत सारखे येणारे शब्द ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली वेगळे काढले, त्याला अकॅडमिक वर्ड लिस्ट म्हणतात, त्यात 570 कुटुंबं आहेत. ती लिस्ट नेटवर फुकट मिळते, तिच्यासाठी कुठल्या ॲपला पैसे देऊ नका. एका दुपारी त्याला वाचायला बसवा, 'ॲनलाइझ, कॉन्सेप्ट, हायपोथिसिस, कॉन्सिक्वेन्स', पेन्सिलने खुणा करत जाईल, अडकेल असे शब्द फार थोडे निघतील आणि तेवढेच शिकायचे. लेक्चर का कळतं त्याचं उत्तर पण तिथेच आहे.

आता त्याच्या परिच्छेदाकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे. त्याने लिहिलंय :

'आय हॅव द ऑनर टू सॉलिसिट अ प्लेस इन युवर फॉर्मेशन. ॲक्च्युअली आय ॲम इन थर्ड इयर ऑफ फिजिक्स. आय डिस्पोज ऑफ अ सॉलिड बेस इन मॅथमॅटिक्स. लास्ट ऑटम आय असिस्टेड टू अ कॉन्फरन्स ऑन एनर्जी. आय ॲम रिगरस अँड पॉलिव्हॅलंट. आय विश टू ऑब्टेन द मास्टर अँड इव्हेंच्युअली परस्यू अ डॉक्टरेट.'

व्याकरणाच्या चुका जवळजवळ नाहीत हे आधी मान्य करू. पण वाचणारा आयरिश प्रोफेसर काय वाचतो ते बघा. 'डिस्पोज ऑफ' म्हणजे विल्हेवाट लावणे, तेव्हा मुलगा सांगतोय की गणिताचा माझा पाया पक्का होता, तो मी फेकून देतो. फ्रेंचमध्ये 'दिस्पोझे द' म्हणजे हाताशी असणे, तिथून हे आलं. 'पॉलिव्हॅलंट' फ्रेंच सीव्हीवर अगदी रोजचा शब्द, सगळी कामं जमणारा माणूस, पण इंग्लिशमध्ये तो केमिस्ट्रीत नाहीतर लसींच्या संदर्भात येतो. त्याला हवा होता 'व्हर्सटाइल', आणि तो त्याने टाळला असणार कारण फ्रेंच 'व्हेर्सातिल' म्हणजे आज एक उद्या एक असा भरवशाचा नसलेला माणूस, स्वतःबद्दल कोण लिहील? तर बघा, खोटे मित्र, म्हणजे दोन भाषांत सारखे दिसणारे पण अर्थ वेगळा असलेले शब्द, फक्त चुकीचा शब्द लिहायला लावतात असं नाही, बरोबर शब्द लिहायची पण भीती घालतात. हे दुसरं नुकसान सहसा कुणी मोजत नाही.

'फॉर्मेशन'चं 'कोर्स' नाहीतर 'प्रोग्रॅम' करायचं, 'असिस्टेड टू'चं 'अटेंडेड'. 'ॲक्च्युअली' म्हणजे 'खरं तर', त्याला म्हणायचंय 'सध्या', फ्रेंच 'आक्त्युएलमाँ'. आणि शेवटचं 'इव्हेंच्युअली' सगळ्यात बेरकी, कारण ते चूक आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. फ्रेंच 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे 'जमलंच तर, कदाचित', इंग्लिश 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'सरतेशेवटी, होणार हे नक्की'. पोरगा म्हणतोय बघू पुढे पीएचडी करावी का, प्रोफेसर वाचतोय की याचं ठरलेलंच आहे, आणि इंटरव्ह्यूत विचारलं की बाबा कुठल्या विषयात करणार, तर हा गप्प. आपल्याला हिंदीतली 'शिक्षा' आणि मराठीतली 'शिक्षा' कशी लहानपणीच कळते, तसं त्याला हे दहा-वीस शब्द एकदाच घट्ट बसवून घ्यायचेत, 'सेन्सिबल', 'इग्नोर', 'डिमांड', 'प्रिटेंड', 'डिले', 'सिम्पथेटिक', 'एव्हिडन्स', 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', आणि 'पास ॲन एक्झाम' तर नक्कीच, कारण फ्रेंचमध्ये 'पासे' म्हणजे परीक्षेला बसणे, पास होणे नव्हे. मुलगा फोनवर आजीला इंग्लिश वाक्य फेकून म्हणाला 'आय पास्ड माय एक्झाम टुडे' तर आजी उगाच पेढे वाटेल.

मी तो परिच्छेद असा करीन, अर्थ तोच ठेवून :

'आय ॲम अ थर्ड-इयर फिजिक्स स्टुडंट अँड वुड लाइक टू अप्लाय फॉर युवर मास्टर्स. आय हॅव अ सॉलिड ग्राउंडिंग इन मॅथ्स. लास्ट ऑटम आय वेंट टू अ कॉन्फरन्स ऑन एनर्जी अँड केम अवे विथ अ लाँग लिस्ट ऑफ क्वेश्चन्स. आय माइट गो ऑन टू डू अ पीएचडी.'

'ग्राउंडिंग', 'केम अवे विथ', 'गो ऑन टू'. याला म्हणतात ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी, त्याच्यासाठी तरी. एकही शब्द त्या पुस्तकात सापडणार नाही. आणि 'रिगरस' मी सरळ उडवलं, कारण फ्रेंच शाळेत 'रिगर' म्हणजे मोठा गुण, प्रत्येक पत्रात तो असतोच, पण इंग्लिश वाचणाऱ्याला 'मी फार रिगरस आहे' हे ऐकायला विचित्र वाटतं, तिथे तो गुण कामातून दाखवतात.

आता मुख्य काम, फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे साध्या क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असलं शेपूट लागून वेगळाच अर्थ होतो ती, 'पुट अप विथ', 'टर्न डाउन', 'गेट ओव्हर', 'ब्रश ऑफ' वगैरे मंडळी. फ्रेंच लोक यांना जाम घाबरतात, कारण फ्रेंचमध्ये एका क्रियेला एक धड क्रियापद असतं, 'रफ्युझे', 'तोलेरे', 'स्युपोर्ते', मागे शेपूट नाही. म्हणून ते इंग्लिश बोलतानाही 'रिफ्यूज', 'टॉलरेट' यावरच भागवतात. आणि 'स्युपोर्ते' म्हणजे सहन करणे, त्यामुळे 'आय कान्ट सपोर्ट माय नेबर' असलं काहीतरी होतं, ऐकणाऱ्याला वाटतं याला शेजाऱ्याचा खर्च झेपत नाही.

पण ताई, तुमचा मुलगा नुसता फ्रेंच नाहीये, त्याला मराठी येते, आणि इथे त्याच्याकडे असं काही आहे जे त्याच्या वर्गातल्या कुणाकडे नसेल. आपल्या मराठीत काय करतो आपण? 'चालवून घे', 'उरकून टाक', 'झटकून टाकलं', 'फेटाळून लावलं', 'हाणून पाडलं', 'निभावून नेलं', 'जुळवून घेतलं', 'बोलून गेला', 'करून बसला'. दोन साधी क्रियापदं एकत्र येतात आणि तिसराच अर्थ निघतो, 'बोलून गेला'मध्ये कोण कुठे जातं? 'करून बसला'मध्ये कोण बसलंय? तुम्ही त्याला कधी शिकवलं का हे? नाही ना, ऐकून ऐकून आलं. इंग्लिशमध्ये दुसऱ्या क्रियापदाऐवजी 'अप', 'ऑफ', 'आउट', 'डाउन' येतात, एवढाच फरक, बाकी खेळ बराचसा तोच. 'चालवून घेणे' हे 'पुट अप विथ', 'फेटाळून लावणे' हे 'टर्न डाउन', 'झटकून टाकणे' हे 'श्रग ऑफ', 'निभावून नेणे' हे 'पुल ऑफ', 'एकदाचं उरकून टाकणे' हे 'गेट इट ओव्हर विथ', 'जुळवून घेणे' हे 'गेट अलाँग', आणि 'हाणून पाडणे' तर 'शूट डाउन' इतकं तंतोतंत की हसू येतं. प्रत्येक ठिकाणी असं जुळेल असं नाही, ओढूनताणून जुळवू पण नका, पण 'टॉलरेट'पेक्षा 'चालवून घे' हा रस्ता त्याला 'पुट अप विथ'पर्यंत कितीतरी लवकर नेईल, कारण दोन्हीत तीच कुरकुर आहे, मन मारून केलेलं काम आहे, 'टॉलरेट'मध्ये ती नाही.

शिकायची पद्धत पण बदला. पुस्तकांत 'गेट'च्या खाली पंचवीस, 'टेक'च्या खाली वीस अशा याद्या असतात, त्या पाठ करून डोकं नुसतं जाम होतं. त्यापेक्षा शेपटाकडून या. एक आठवडा फक्त 'अप' घ्या, 'ईट अप, यूज अप, ड्राय अप, टायडी अप', म्हणजे काम पूर्ण होणे, आपल्या 'टाकणे'सारखं, 'खाऊन टाक', 'संपवून टाक'. पुढच्या आठवड्यात 'ऑफ', 'कॉल ऑफ, पुट ऑफ, राइट ऑफ, ले ऑफ', काहीतरी तोडणं, लांब ढकलणं, नाद सोडणं. सगळं एका सूत्रात बसत नाही हे खरंय पण चव लागते, आणि नवीन एखादा ऐकला की अंदाज बांधता येतो.

याला लागूनच आणखी एक गोष्ट, जी शाळेत फारशी कुणी सांगत नाही. आपण म्हणतो 'धावत जिना उतरला', फ्रेंचही तसंच म्हणतात, उतरणं हे मुख्य क्रियापद, धावत हे शेपूट. इंग्लिश उलट करतं, 'ही रॅन डाउन द स्टेअर्स', कसं हललं ते क्रियापदात आणि कुठल्या दिशेला ते 'डाउन'मध्ये. नदी पोहून पार केली, 'शी स्वॅम ॲक्रॉस'. पाय आपटत निघून गेला, 'ही स्टॉम्प्ड आउट'. म्हणून फ्रेंच माणूस 'ही डिसेंडेड द स्टेअर्स रनिंग' लिहितो आणि ते चूक नसलं तरी कुणी असं बोलत नाही. इथे मात्र मराठीची मदत नाही, आपणही फ्रेंचांच्याच गटात, तेव्हा हे निव्वळ वाचून येणार. 'लिम्प, ट्रज, टिपटो, स्क्रॅम्बल, स्टॅगर', चालण्याचेच इतके प्रकार आहेत, आणि ते सगळे लहान, जुने, बिनलॅटिन शब्द. हे कुठे भेटतात? गोष्टींत. साधी, आजच्या काळातली रहस्यकथा घ्यायची, ज्यात माणसं सारखी दारं ढकलतात, जिने चढतात आणि एकमेकांवर डाफरतात. महान साहित्य नको, एकोणिसाव्या शतकातलं तर अजिबात नको, त्याने वकिली आणखी वाढेल.

मधल्यामध्ये थोडी गंमत. फ्रेंच शब्दावरची छोटी टोपी दिसली की बऱ्याचदा तिथे एक 'स' गाळलेला असतो, 'फोरे'चं 'फॉरेस्ट', 'फेत'चं 'फीस्ट', 'कोत'चं 'कोस्ट', आणि सुरुवातीला 'ए' असलेला 'एकॉल' म्हणजे 'स्कूल', 'एत्राँज' म्हणजे 'स्ट्रेंज'. कधी फ्रेंच 'ग'च्या जागी इंग्लिश 'व' येतो, गियोमचा विल्यम झाला तसा. आणि स्टेशनवर ज्या खिडकीत तिकीट काढता ते 'गिशे' आणि आपल्या क्रिकेटची 'विकेट' हे मुळात एकच, दोन्ही म्हणजे छोटं दार. नवऱ्याला क्रिकेट समजावताना इथून सुरुवात करून बघा, बाकी काही समजेल याची गॅरंटी नाही.

एका फ्रेंच शब्दाचे इंग्लिशमध्ये दोन होतात हे पण बघून ठेवायला सांगा, 'एकोनोमिक'चे 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल', 'इस्तोरिक'चे 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल'. पहिला अर्थव्यवस्थेचा, दुसरा काटकसरीचा, पहिला ऐतिहासिक महत्त्वाचा, दुसरा नुसता इतिहासाशी संबंधित. फिजिक्सवाल्याला हे असं बारीक छाटणं आवडेल.

ऐकण्याबद्दल. वाचताना जो शब्द त्याला लगेच ओळखू येतो तोच कानावर पडला की हरवतो, कारण फ्रेंचमध्ये जोर वाक्यांशाच्या शेवटी जातो आणि इंग्लिशमध्ये प्रत्येक शब्दाची स्वतःची जोराची जागा असते, बाकीचं अक्षरशः गिळून टाकतात. फ्रेंच 'कातास्त्रोफ' आणि इंग्लिश 'कटॅस्ट्रफी' शेजारी म्हणून बघा. 'फोटोग्राफ, फोटॉग्रफी, फोटोग्रॅफिक', प्रत्येकात जोर सरकतो. तेव्हा त्याने नवीन शब्द लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची, नेहमी, आणि शब्द मोठ्याने म्हणायचा. ओळखीच्या शब्दांनासुद्धा हे करायचं, किंबहुना त्यांनाच जास्त. एका बाबतीत तो नशीबवान आहे, त्याला 'ह' म्हणता येतो, आजीशी 'आहे', 'हवं' करून करून. त्याच्या मित्रांचं 'हंग्री' आणि 'अँग्री' एकच होतं आणि भूक लागल्यावर ते चिडलेले वाटतात.

फ्रान्समध्ये टीव्हीवर परदेशी कार्यक्रम बहुतेक डब केलेले लागतात हा आणखी एक घोळ. मूळ आवाज लावा आणि खाली सबटायटल इंग्लिशच ठेवा, फ्रेंच नको, फ्रेंच ठेवलं की डोळे वाचतात आणि कान झोपतात. आणि डब्लिनला जायचंय तर आयर्लंडचा सरकारी रेडिओ, आरटीई, नेटवर फुकट लागतो, रोज जेवताना तोच लावायचा. तिथलं इंग्लिश वेगळं आहे. 'हॉट प्रेस' म्हणजे पाण्याच्या गरम टाकीजवळचं कपाट, तिथे टॉवेल-चादरी ठेवतात, 'प्रेस' म्हणजे नुसतं कपाट. फ्रान्समध्ये ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला 'प्रेसिंग' म्हणतात, म्हणून तो इस्त्रीवर गेला, बिचारा. 'इट्स ग्रँड' म्हणजे ठीक आहे, फ्रेंचमधलं मोठं नव्हे. 'शी वॉज गिव्हिंग आउट टू मी' म्हणजे ती मला ओरडत होती. 'आय ॲम आफ्टर लूझिंग माय कीज' म्हणजे किल्ल्या आत्ताच हरवल्या, किल्ल्यांच्या मागे लागलेला नाही तो. हे कुठल्याच हजार शब्दांत नसतं. आणि उलट बाजूने, फ्रेंचमध्ये इंग्लिश वाटणारे पण इंग्लिशमध्ये त्या अर्थाने नसलेले शब्द, 'अँ पार्किंग', 'ल फुटिंग', 'अँ स्मोकिंग', हे तो बिनधास्त वापरत असेल, तिकडे 'कार पार्क', 'जॉगिंग', 'डिनर जॅकेट' म्हणायचं.

वही कशी ठेवायची ते एका वाक्यात सांगते, सुटा शब्द लिहायचाच नाही, जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहायचं, कारण त्याला शब्द कमी पडत नाहीयेत, शब्दांची सोबत कमी पडतेय, 'हेवी रेन', 'हायली अनलाइकली', 'बिटरली डिसपॉइंटेड', 'डिपेंड ऑन', जिथे तो फ्रेंचच्या सवयीने 'डिपेंड ऑफ' लिहितो. अंकी नावाचं फुकट ॲप आहे कॉम्प्युटरवर, त्यात वाक्य टाकून शेपूट गाळून ठेवलं तर छान सराव होतो, दिवसाला पाच-सात वाक्यं पुरेत. डिक्शनरी इंग्लिश-इंग्लिश, शिकणाऱ्यांसाठी असते ती, ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज कुठलीही, तिघींच्या साइट फुकट आहेत. फ्रेंच अर्थ बघितला की तो परत लॅटिन शब्दावरच जाऊन पडेल.

परीक्षा. टोइकची जी नेहमीची परीक्षा असते ती 200 पर्यायी प्रश्नांची, ऐकणं आणि वाचणं फक्त, एक ओळ लिहावी लागत नाही की बोलावं लागत नाही. फ्रान्सच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत 785 चा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो कारण तो बी2, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी, धरला जातो, त्या हिशोबाने 870 चांगलेच आहेत, पण विद्यापीठांच्या प्रवेशाला ती बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कोर्सच्या साइटवर काय मागितलंय ते आधी बघा. आयएल्ट्स मागितली असेल तर तिचा निकाल सहसा दोनच वर्षं धरतात, तेव्हा फार आधी देऊन ठेवू नका. तिथे लिहिण्याचे आणि बोलण्याचे एक चतुर्थांश मार्क शब्दसंपत्तीला असतात आणि सात किंवा त्याच्या वर जायला कमी वापरातले शब्द, शोभेल त्या जागी आणि योग्य जोडीने वापरता आले पाहिजेत. अवघड शब्द कोंबून काही होत नाही, फ्रेंच मुलांची नेमकी तीच चूक होते. माझं विचाराल तर दोन्ही चालत असतील तर केंब्रिजची सी1 ॲडव्हान्स्ड घ्या, सर्टिफिकेटला मुदत नाही, आणि तिच्या पेपरात एका शब्दापासून दुसरा बनवणे, दिलेला शब्द वापरून वाक्य फिरवणे असे प्रश्न येतात, म्हणजे तयारी करता करताच त्याचं दुखणं बरं होतं. फक्त तिची नोंदणी बरीच आधी करावी लागते, सेंटरला आत्ताच विचारा.

त्या आयरिश बाईंना मात्र सोडू नका. त्याने आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जावं, चहा घ्यावा आणि आपलं लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. 'काय चुकलं' असं विचारायचं नाही, व्याकरणाच्या चुका फारशा निघणारच नाहीत, 'तुम्ही हे कसं म्हणाल' असं विचारायचं आणि त्या म्हणतील ते तसंच्या तसं उतरवून घ्यायचं.

राहिला घरातल्या मराठीचा प्रश्न. नाही, बंद करू नका, विचारही करू नका. स्पष्ट बोलते, राग मानू नका, तुमचं-माझं इंग्लिश उत्तम असलं तरी ते आपलं इंग्लिश आहे, आपण 'प्रीपोन' करतो, 'डू द नीडफुल' लिहितो, कॉलेजातून 'पासआउट' होतो, जे ऐकून डब्लिनवाले विचारतील की मग शुद्धीवर कधी आलात. त्याला डब्लिनचं इंग्लिश डब्लिनच्या माणसांकडून मिळेल. तुमच्याकडून फक्त मराठी मिळू शकते आणि ती वर म्हटलं तशी त्याच्या कामाची आहे. आजीचा फोन चालू राहू दे, आणि ती पुढच्या वेळी 'जाऊ दे रे, घे चालवून' म्हणाली की फोन ठेवल्यावर त्याला विचारा, हेच इंग्लिशमध्ये कसं म्हणशील, आणि 'टॉलरेट' म्हणाला तर दुसरं उत्तर मागा.